नकाशातले गोठे

उत्खननाचे अनुभव लिहा, असं संपादक दरवर्षी म्हणतात आणि मी दरवर्षी काहीतरी लिहून देतो. एकदा मण्यांवर लिहिलं, एकदा तंबूत शिरलेल्या घोरपडीवर, एकदा आमच्या स्वयंपाक्याच्या वांग्याच्या भाजीवर. ज्या उत्खननामुळे माझं नाव झालं, त्याबद्दल मात्र कधी लिहिलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायचो, ते सगळं पुस्तकात आहे. ते खरं नव्हतं. आता वय पंच्याहत्तरच्या पुढे गेलं आहे, म्हणून लिहायला बसलो आहे.

गावाचं नाव देत नाही. नाव छापलं की लोक पहारी घेऊन येतात. पिंपळगाव राजाच्या पलीकडे, नदीकाठी, एवढं पुरे. गावाला लागून मातीचं मोठं टेकाड आहे. आमच्या भागात अशा टेकाडाला पांढर म्हणतात. भोवतीची जमीन काळी आणि तेवढाच तुकडा राखेसारखा फिका. जिथं माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात, चुली पेटवतात, भिंती बांधतात आणि पाडतात, तिथली माती पांढरी होते. या पांढरीखाली दोन हजार वर्षांपूर्वीचं एक शहर होतं. मातीचा तट, भाजक्या विटांची घरं, विहिरी, सरळ रस्ते.

मी शोधत होतो ती गोष्ट सोन्याची नव्हती. हे गावातल्या पाटलांना तीन हिवाळे सांगूनही पटलं नाही. ते रोज संध्याकाळी टेकाडावर येऊन हळूच विचारायचे, "साहेब, लागलं का कायी?" मी खापराचा तुकडा दाखवला की एवढा मोठा पदवीधर माणूस मडकी गोळा करतो म्हणून ते माझ्याकडे दयेनं बघायचे. एकदा मलकापूरहून एक गृहस्थ वडिलांची पत्रिका घेऊन आले. पुरलेला हंडा कोणत्या दिशेला आहे ते माझ्या शास्त्रात बसतं का, असा त्यांचा प्रश्न होता. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, मग तुमचं शास्त्र अपुरं आहे. तेव्हा हसलो होतो.

मला शोधायचं होतं ते असं : त्या शहरात श्रीमंत किती श्रीमंत होते आणि गरीब किती गरीब? वह्या-चोपड्या तर उरलेल्या नसतात. मग आम्ही घरं मोजतो. प्रत्येक घराची लांबी, रुंदी, धान्याच्या रांजणांची जागा, जात्याचे दगड, उकिरड्यातली हाडं. ज्याचं घर मोठं, रांजण जास्त, तो सधन. सगळी घरं लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं मांडायची आणि शेवटचं घर पहिल्याच्या किती पट आहे ते बघायचं. हिशोब शाळकरी मुलालाही जमेल असा आहे. कठीण एवढंच, की कोणतं घर धरायचं आणि कोणतं सोडायचं, हे मोजणाऱ्यानं ठरवायचं असतं.

तटाच्या आतली घरं जवळजवळ सारखी निघाली. दोन हिवाळे आम्ही खणत गेलो आणि घरामागून घर त्याच मापाचं. मी हरखून गेलो. एका परिषदेत निबंध वाचला, त्याचा बोलबाला झाला, परदेशातून पत्रं आली. 'समतेचं नगर' हा शब्द माझाच. तिसऱ्या हिवाळ्यात फक्त पुस्तक पुरं करायचं बाकी होतं.

आता कौसाबाई.

आमच्याकडे गावातली वीस-बावीस माणसं कामाला असत. त्यांचा मुकादम नामदेव. कौसाबाई नदीला मिळणाऱ्या नाल्याकाठच्या वस्तीतली, गावाबाहेरची. तेव्हा पस्तिशीची असेल. डावखुरी. तिच्या हातात खुरपं दिलं की मी माझ्या विद्यार्थ्यांना म्हणायचो, पुस्तकं मिटा आणि हिच्याजवळ बसा. जुनी जमीन लागली की ती आम्हाला डोळ्यांनी कळायची, तिला तळपायानं कळायची. चप्पल काढून खड्ड्यात उभी राहायची आणि म्हणायची, "अजून चार बोटं खाली हाय." खरोखर चार बोटं खाली असायची. यात जादू काही नव्हती. सारवलेली जमीन सुकलेल्या पापडासारखी थराथरानं सुटते, आणि जन्मभर सारवणारीच्या हातापायांना तो थर ओळखीचा असतो.

तिची एक पद्धत होती. नवं घर उघडलं, जमीन दिसू लागली, की ती कडेला उभी राहून आवाज द्यायची.

"कोनी हाय का घरात?"

मग क्षणभर थांबायची. आतून काही आलं नाही की पदर खोचून उतरायची. त्यांच्या वस्तीत ही रीतच होती. दारात उभं राहून विचारल्याशिवाय कोणी कोणाच्या घरात पाऊल टाकत नसे, आणि ओल्या सारवणावर तर घरधन्यानं बोलावलं तरी नाही.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसलो.

"काऊन हासता, साहेब?" ती म्हणाली. "घरात जाच्या आंधी पुसा लागते. मेले म्हनून काय त्यांचं घर गेलं?"

नामदेव वरून म्हणाला, "साहेब, कौसाबाईले खालचे लोकं चहा बी पाजत असतीन."

"पाजतीन नाई तं काय? तुले नाई पाजनार. मुकादमाले कोन घरात घेते बे?"

सगळा खड्डा हसला. पुढे हळूहळू सगळेच थांबायला लागले. ती विचारायची आणि वीस माणसं हातातली कामं थांबवून उभी राहायची. एखादा टिटवीचा आवाज, लांब कुठं तरी मोटारपंप. मग कौसाबाई उतरली की पुन्हा घमेली हलू लागायची. सांगायला संकोच वाटतो, पण तिसऱ्या वर्षी मीही थांबत होतो.

शेवटच्या आठवड्यात आम्ही तटाच्या बाहेर, नदीच्या अंगाला, एक खड्डा घेतला. असा एक खड्डा नेहमी घेतात. वस्ती कुठं संपते ते दाखवायचं असतं. तिथं काही सापडू नये एवढीच माझी अपेक्षा होती. कौसाबाईची वस्ती तिथून हाकेच्या अंतरावर. हातभर गाळ निघाला आणि खुरप्याचा आवाज बदलला.

जमीन होती. भिंती नव्हत्या, विटा नव्हत्या, नुसती खांब रोवल्याची भोकं आणि मधे सारवलेली जमीन. एवढीशी, की तटाच्या आतल्या कोणत्याही घराच्या अंगणात तशी चार बसली असती. आणि एकच नव्हती. शेजारी आणखी दोन खड्डे घेतले; पलीकडे दुसरी, तिच्या पलीकडे तिसरी.

पहिल्या खड्ड्याची कडा कापून पाहिली. सारवण, त्यावर गाळ. पुन्हा सारवण, पुन्हा गाळ. नदी यायची, घर बुडवायची, माणसं परत येऊन त्याच जागी सारवायची. कितीतरी वेळा. तटाच्या आत उंचावर पुराचा एक थेंब गेला नव्हता. ते मी तीन वर्षं पाहत होतो.

सगळ्यांत वरचा थर आम्ही दुपारी उघडला. त्यावर बोटांच्या कमानी जशाच्या तशा होत्या. सारवताना हात फिरतो त्याच्या रेघा. उंबऱ्याशी, जिथं सारवणारी शेवटी उठते, तिथं पूर्ण पंजा उमटला होता. डाव्या हाताचा. कमानीही डाव्या हातानं फिरवल्यासारख्या उलट वळलेल्या.

कौसाबाई कडेला उभी होती. तिनं नेहमीप्रमाणे आवाज दिला.

"कोनी हाय का घरात?"

आम्ही थांबलो. वारा पडला होता. टिटवी नव्हती, पंप नव्हता. ती बराच वेळ उभी राहिली, मग दोन पावलं मागे सरली.

"मी नाई उतरत," ती म्हणाली.

नामदेव थट्टेच्या सुरात म्हणाला, "काऊन? काय म्हनते ते?"

"हाव म्हनते. हाय म्हनते घरात."

कोणी हसलं नाही. मी चिडलो. चार दिवस उरले होते, खांबांची भोकं मोजायची होती. "कौसाबाई, काय लावलंय?"

"साहेब, सारवन ओलं हाय तिचं. सारवून भायेर निंगाली असन, पान्याले नाई तं सरपनाले. तवाच पूर आला. तिले परत याचं हाय."

"ओलं काय? दोन हजार वर्षं झाली."

"तिले कुठी मालूम हाय ते?"

मी बूट काढले आणि उतरलो. जमीन ओली होती. याचं कारण मी तेव्हाच सांगितलं, आताही सांगतो : नदीकाठची माती खालून पाणी ओढते, वरचा गाळ काढला की ओल वर येते. कारण बरोबर आहे. पण पुढचे चारही दिवस सकाळी प्लास्टिक बाजूला केलं की त्या खड्ड्यातून ताज्या सारवणाचा वास यायचा, आणि शेजारच्या दोन खड्ड्यांतून यायचा नाही. याचं कारण मला माहीत नाही.

छायाचित्र काढायचं होतं. छायाचित्रात माप कळावं म्हणून काळी-पांढरी पट्टी ठेवतात. ती पट्टी त्या वेळी टेकाडाच्या दुसऱ्या टोकाला होती आणि ऊन उतरत होतं. मी कौसाबाईला म्हटलं, कडेवरून वाकून तुमचा हात पंजाशेजारी धरा, नंतर हात मोजून घेऊ. ती नको म्हणाली. मी आग्रह केला. तिनं जमिनीला न टेकवता डावा हात त्या पंजाशेजारी धरला. मी भिंगातून पाहिलं. दोन हात एकाच मापाचे होते. तळव्याची रुंदी, करंगळीची लांबी, सगळं. मी बटण दाबलं तेव्हा ती त्या जमिनीशी अगदी हळू आवाजात काहीतरी बोलत होती. मी विचारलं नाही.

वर आल्यावर ती म्हणाली, "साहेब, एक काम करजा. लिवजा, का इथंबी मानसं राहत होते."

"लिहीन की."

"तसं नाई. गावातले म्हनतात, तुमी कालचे आलेले, नाल्याकाठी ढोरं बांधाची जागा होती. तुमचं लिवलेलं ते मानतीन. लिवजा बरं."

"लिहितो म्हटलं ना."

त्या संध्याकाळी तंबूत बसून मी रोजवहीत लिहिलं : 'तटाबाहेर लहान घरांची ओळ?' ते प्रश्नचिन्ह अजून आहे. तीन दिवसांनी त्यावर रेघ मारून मी लिहिलं : 'गुरांचे गोठे'.

मातीच्या तपासणीत शेणाचा अंश आला होता. तोच माझा पुरावा. शेण सापडलं म्हणून गोठा. पुस्तक वाचणाऱ्या एकाही विद्वानाला त्यात खटकलं नाही, कारण त्यांच्यातल्या कोणी जमीन सारवलेली नव्हती. माझी तशी सबब नाही. मी मलकापूरच्या मातीच्या घरात वाढलो. माझी आई दर सणाला शेणानं सारवायची आणि आम्हा भावंडांना ते वाळेपर्यंत ओट्यावर बसवून ठेवायची. शेण माणसांच्या घरात असतं आणि गोठ्यात कोणी बोटांच्या कमानी काढत बसत नाही, हे मला पाचव्या वर्षापासून माहीत होतं.

ती घरं धरली असती तर माझी ओळ मोडली असती. लहानापासून मोठ्यापर्यंत मांडलेल्या त्या रांगेत अचानक खाली खोल दरी पडली असती. समतेचं नगर उरलं नसतं. उरलं असतं ते एक साधं शहर, ज्यानं तट कुठं घालायचा ते ठरवताना पाणी कोणाच्या घरात जाईल तेही ठरवलं होतं. छायाचित्र मी वगळलं. शेरा लिहिला : 'मोजपट्टी नाही, प्रकाशनास अयोग्य'. पंजाचा तुकडा प्लास्टरमध्ये बांधून विभागात आणला आणि नोंद न करता कपाटात ठेवला. निवृत्त झालो तेव्हा तो घरी आणला. हा गुन्हा आहे, हे मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं शिकवत आलो होतो.

आमच्या धंद्यात चूक सुधारता येत नाही. आम्ही जी जागा खणतो ती खणताना संपते, दुसरा कोणी येऊन पुन्हा पाहू शकत नाही. त्यातून पुस्तकात ती नदीकाठची जमीन गोठ्यांची ठरली म्हणून राखीव जागेच्या हद्दीत धरली गेली नाही. तिथं वीटभट्टी लागली. आता तिथं खड्डा आहे, पावसाळ्यात म्हशी डुंबतात. ती घरं माझ्या वहीतल्या खोडलेल्या ओळीत, एका छायाचित्रात आणि त्या पंजाच्या तुकड्यात आहेत. आणखी कुठंही नाहीत.

निवृत्तीनंतर मी बुलढाण्यात फ्लॅट घेतला. तिथं कपाटातला तो पंजाच्या तुकड्याचा डबा काही सकाळी वास देतो. पहिल्यांदा बायकोलाच आला. ती स्वयंपाकघरातून बाहेर येऊन म्हणाली, "अहो, कोणी सारवतंय का कुठं?" तिसऱ्या मजल्यावर, फरशीच्या घरात. मी म्हटलं, खालच्या झोपडीत असेल. खाली झोपडी नाही.

तीन वर्षांपूर्वी बसस्टँडवर एक म्हातारा माझ्या समोर येऊन उभा राहिला. "वळखलं नाई का साहेब?" नामदेव होता. जमिनीच्या तारखेसाठी कोर्टात आला होता. आम्ही चहा घेतला. पाटील गेले, शाळेला खोल्या झाल्या, असं सगळं सांगून तो म्हणाला, "तुमच्या पुस्तकातला नकाशा मोठा करून टेकाडावर बोर्ड लावला. पोरं वाचतात."

"चांगलं झालं."

"हाव. अन् त्या बोर्डावर नाल्याच्या अंगाले लिवलं हाय, गोठे. तवापासून गावातले पोट्टे कौसाबाईच्या वस्तीले गोठ्यातले म्हनतात. शायेत हजेरीच्या टायमाले बी. गोठ्यातला आला का रे, असं."

मी कप खाली ठेवला. "कौसाबाई?"

"हाय. डोयानं दिसत नाई आता. पन सारवते अजून, हातानं चाचपत." मग तो म्हणाला, "ते कोनाले कायी म्हनत नाई. एक डाव म्हने, साहेबाच्या हातून राह्यलं असन."

सकाळी निघालं तर घाट उतरून दुपारी त्या गावी पोचता येतं. मला तीन वर्षं लागली. दिवाळी झाली की जाऊ, थंडी सरली की जाऊ. यंदा वैशाखात गेलो. पिशवीत ते छायाचित्र होतं, वहीतल्या पानाची प्रत होती, आणि एक वाक्य होतं. ते एसटीत बसल्या बसल्या पन्नास वेळा म्हणून पाहिलं होतं.

भर दुपार होती. वस्तीत चिटपाखरू नव्हतं. तिचं घर एका मुलानं लांबूनच बोट करून दाखवलं आणि तो निघून गेला. दार उघडं होतं. आतली जमीन नुकती सारवलेली, ओली, दारातल्या उजेडात चमकत होती. बोटांच्या कमानी उलट वळलेल्या. उंबऱ्याशी डाव्या हाताचा पूर्ण पंजा.

मी बूट काढले. उगाचच, कारण आत पाऊल टाकायचं नव्हतंच. म्हटलं,

"कोणी आहे का घरात?"

आतून आवाज आला. "हाव."

मी वाट पाहिली. कोणी बाहेर आलं नाही. आत काही हललं नाही. मला वाटलं, आंधळी बाई आहे, चाचपत येत असेल. पाठ केलेलं वाक्य तोंडाशी होतं. दार होतं, हाक होती, उत्तर मिळालं होतं. यापेक्षा सोपं करून कोणी काय द्यायचं? पण मी ते म्हटलं नाही. त्या ओल्या जमिनीकडे बघत मी किती वेळ उभा होतो, सांगता येणार नाही.

"कोन पाह्यजे बाप्पा?"

मागे एक बाई डोक्यावर हंडा घेऊन उभी होती. कौसाबाईची सून.

"कौसाबाई आहेत ना आत?"

तिनं हंडा ओट्यावर उतरवला. "आत्याबाई गेल्या. दोन महिने झाले."

"मग आत कोण आहे?"

"घरात कोनी नाई. मी नळावर गेली होती." मग तिचं लक्ष उंबऱ्याकडे गेलं. "बाजूच्या सोनीनं सारवलं असन," ती म्हणाली. "मी उद्या सारवनार होती."

"तुम्ही डावखुऱ्या आहात का?"

"नाई बाप्पा. आत्याबाई होत्या."

मी छायाचित्र काढून तिच्या हातात दिलं. तिनं ते उन्हात तिरपं धरून पाहिलं. "हा हात आत्याबाईचा हाय," ती लगेच म्हणाली. करंगळीवर बोट ठेवून हसलीही. "अन् हा बाजूचा कोनाचा?"

खरं सांगायची ती दुसरी संधी होती. मी म्हणालो, "जुना आहे." एवढंच म्हणालो. ती म्हणाली, बसा, जमीन वाळली का चहा करते. मी बसची वेळ झाली म्हणून निघालो. बसला दोन तास होते.

हा अंक निघेल तोपर्यंत तो पंजाचा तुकडा, मूळ रोजवही आणि छायाचित्राची निगेटिव्ह संग्रहालयात पोचलेली असेल. टेकाडावरचा बोर्ड बदला, असं पत्र माझ्या सहीनं गेलं आहे. या कागदांवर मी सगळं लिहिलं आहे. जिथं बोलायचं होतं, त्या उंबऱ्यावर मात्र ते वाक्य बोललो नाही, म्हणून इथं लिहितो.

कौसाबाई, ते गोठे नव्हते. तिथं माणसं राहत होती, आणि मला ते तुमच्याइतकंच त्याच दुपारी कळलं होतं.